मास्तर घडवणारा आखाडा : श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावती

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे नाव लेटरहेडवर शोभते. गावात मात्र ते ‘हनुमान आखाडा’ आहे, आणि तेवढे म्हटले की पत्ता सांगावा लागत नाही. आखाडा म्हटला की डोळ्यांसमोर पैलवान येतो, चांदीची गदा येते, फेट्याचे टोक उडवणारा वस्ताद येतो. या संस्थेचा शंभर वर्षांहून मोठा इतिहास चाळताना दिसते ते थोडे वेगळेच. इथे पैलवान झाले, पदके आली, परदेशाच्या वाऱ्याही झाल्या. पण सगळ्यांत जास्त घडले ते मास्तर. गळ्यात शिट्टी अडकवून गावोगावच्या शाळांत, नगरपालिकांत आणि तालमींत गेलेली ही माणसे मंडळाची खरी कमाई होय. वऱ्हाडात व्यायाम पसरला तो त्यांच्यामुळे, आणि जिथे तो आटला तिथे मास्तर मिळेनासा झाला म्हणून आटला, असे माझे मत आहे. पुढचा इतिहास मी त्याच नजरेने सांगणार आहे.

मंडळाची स्थापना 1914 सालची. अनंत कृष्ण वैद्य आणि अंबादासपंत वैद्य या दोन भावांनी अमरावतीत हा आखाडा सुरू केला. त्याच वर्षी जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून पुण्याला परतले, आणि दोन महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले. अमरावती तेव्हा वऱ्हाडातल्या राजकारणाचे मुख्य गाव होते. 1897 साली काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले होते. टिळकांचे जिवाभावाचे सहकारी दादासाहेब खापर्डे इथलेच. वऱ्हाडचा मुलूख कागदोपत्री निजामाचा, कारभार इंग्रजांचा आणि मन पुण्याकडे लागलेले, असा तिपेडी मामला होता. गणेशोत्सव आणि शिवजयंती मूळ धरून होत्या. त्यांच्या मिरवणुकांना लाठी, बनेटी आणि लेझीम लागे. म्हणजे आखाड्याला मागणी होती. वैद्य बंधूंनी ती भागवली आणि तेवढ्यावर न थांबता पुढे काय, हेही पाहिले.

तालीम ही तोवर बहुधा पेठेची असे. एखाद्या जातीची, एखाद्या गल्लीची, एखाद्या वस्तादाची. वस्ताद थकला की तालमीला जळमटे लागत. वस्ताद आपल्या डावांतले दोन-चार राखूनही ठेवी, ते मरेपर्यंत कुणाला सांगत नसे. अशा व्यवस्थेत उत्तम मल्ल निपजतात, पण गाव काठावर बसून राहते. मंडळाने व्यायामाचा अभ्यासक्रम बांधला आणि वर्ग भरवले. शाळेत जशी इयत्ता असते तशी शरीराच्या शिक्षणालाही पायरी असावी, शिकवणारा बदलला तरी शिकवणे थांबू नये, हे त्यांनी ओळखले. आज ही गोष्ट साधी वाटते. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले ते 1920 साली, आणि तिथला पाया पाश्चात्त्य कवायतीचा व खेळांचा होता. मल्लखांब, जंबिया, फरीगदगा, आट्यापाट्या या देशी ऐवजाला वर्गात बसवण्याचे काम बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांनी आणि वऱ्हाडात या मंडळाने केले.

आता थोडा शिकवण्याचा हिशेब मांडू, कारण प्रसाराचे मर्म त्यात आहे. कुस्तीच्या हौद्यात एका वेळी एक जोडी उतरते. हौद्याला लाल माती लागते, ती चाळावी लागते, तिच्यात तेल-ताक मुरवावे लागते, रोज फावड्याने उकरावी लागते. वऱ्हाडची जमीन काळी कपाशीची. पावसात चिकट, उन्हाळ्यात हातभर भेगाळलेली. तिच्यात पोराला आपटले तर आई वस्तादाला जाब विचारायला येईल. मल्लखांबाचे तसेच. मेळघाटामुळे सागवान जवळ आहे खरा, पण तो घोटून गुळगुळीत करायचा, पक्का पुरायचा, एरंडेल चोळायचे, आणि मग एका वेळी एक पोर वर. बाकीची पंधरा खाली रांगेत उभी राहून ‘माही पाळी कवा येते’ म्हणत खांब न्याहाळणार. पुरलेला, टांगता, दोरीचा, असे त्याचे प्रकार. पहिल्या दिवशी पोर खांबाला मिठी मारते आणि घसरत खाली येते. मांडीची पकड कशी बसवायची ते महिनाभराने कळते. ही विद्या अफाट आहे, पण पसरायला संथ.

लेझमीचे गणित निराळे. लाकडाचा दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात चकत्या. एक माणूस हलगीवर किंवा ढोलावर, एक शिट्टी तोंडात धरून समोर. ‘चार आवाज’ म्हटले की दीडशे मुले एका तालात कमरेत वाकतात आणि उठतात. खर्च किरकोळ, जागा शाळेचे पटांगण, वेळ पाऊण तास. घाम कुस्तीइतकाच. लाठी, सांघिक कवायत, हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांचेही असेच. यांतल्या कित्येक खेळांना चुन्याच्या चार रेघांपलीकडे सामान लागत नाही. मंडळाने मल्लखांब आणि कुस्ती सोडली नाही. पण गावोगाव नेता येईल असा ऐवज हा दुसरा होता, आणि तो नेण्यासाठी शिकवता येणारा माणूस हवा होता.

त्यासाठी उन्हाळी वर्ग. वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे अंगाची लाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, तो देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत नाव देऊनच उतरतो. अशा दिवसांत व्यायामाचे वर्ग ठेवण्याचे कारण सरळ होते. शाळांना सुट्टी असते, मास्तर मोकळा असतो. पहाटे अंधारात सुरुवात, ऊन चढण्याआधी पहिला भाग संपवायचा, संध्याकाळी दुसरा. या वर्गांना वऱ्हाडातून, मध्य प्रांतातून आणि पुढे देशाच्या इतर भागांतून शिकणारे येऊ लागले. कुणी शाळेने पाठवलेले, कुणी गावच्या तालमीने, कुणी स्वतःच्या हौसेने. वर्ग संपला की जो तो आपल्या गावी जाऊन शिकवणार, हा त्यातला न लिहिलेला करार. मंडळ विद्या देणार, पाठवणारी संस्था जागा आणि मुले देणार, गाव मिरवणुकीच्या दिवशी नारळ आणि टाळ्या देणार. आज ज्याला ‘स्थानिक भागीदारी’ म्हणून अहवालात मथळा मिळतो, ती इथे अशी विनाकागद चालत होती.

याच आखाड्यात शिवराम हरी राजगुरू काही काळ शिकून गेले. खेडचा हा मुलगा पुढे भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर 23 मार्च 1931 रोजी फासावर गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की क्रांतिकार्यात पुरते ओढले जाण्याआधी ते काशीला नगरपालिकेच्या शाळेत कवायतीचे मास्तर होते. हुतात्म्याच्या आयुष्यातला हा तपशील आपण सहसा गाळतो. आखाड्याच्या इतिहासात मात्र तो गाळून चालणार नाही. पोटासाठी त्यांनी जो उद्योग धरला तोही पोरांना हातपाय हलवायला शिकवण्याचा होता.

मंडळाच्या जुन्या पिढीतले दुसरे मोठे नाव डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे. ते होमिओपॅथीचे डॉक्टर. मंडळाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. 1946 साली त्यांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले, कुष्ठरोग्यांना मान ताठ ठेवून, काम करून जगता यावे म्हणून. 1959 साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका बाजूला निरोगी शरीर कमावण्याची संस्था आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या शरीराकडे समाजाने पाठ फिरवली त्यांचे आश्रयस्थान. दोन्हीत एकच माणूस असणे हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शरीर ही समाजाची जबाबदारी आहे, एवढी एक श्रद्धा दोन्हींच्या मुळाशी होती.

मग आले 1936 साल. बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि तिथे कबड्डी, मल्लखांब व इतर भारतीय खेळ-व्यायामांची प्रात्यक्षिके झाली. त्याच बर्लिनमध्ये 15 ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला 8-1 असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक घेतले. आपल्याकडे त्या ऑलिंपिकची आठवण निघते ती हॉकीची, आणि ते रास्तच आहे. पण कबड्डीच्या इतिहासात बर्लिनचे नाव अमरावतीमुळे आले. हुतूतू म्हणून गल्लीत खेळला जाणारा खेळ परक्या मुलुखात, परक्या प्रेक्षकांपुढे मांडायचा तर त्याला रेषा हव्यात, वेळ हवी, नियम हवेत. दोन वर्षांनी, 1938 साली कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक खेळांत कबड्डी आली. बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून ती 1990 साली पोहोचली. मंडळाला शंभर वर्षे झाली त्या 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि गल्लीतला श्वास दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आला. या सगळ्याचे श्रेय एका संस्थेला देणे अतिशयोक्तीचे होईल; सातारा, पुणे, बडोदे इथल्या माणसांनी नियम घडवण्यात हयाती घातल्या आहेत. तरी त्या रांगेत अमरावतीची जागा पक्की आहे. 1949 साली स्टॉकहोमला भरलेल्या लिंगियाड या जागतिक व्यायाम-मेळ्यातही मंडळाचा चमू होता. स्वीडिश जिम्नॅस्टिक्सचे जनक पेर हेन्रिक लिंग यांच्या स्मरणार्थ तो मेळा भरे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातून, कपाशीच्या मुलुखातून आलेली पोरे तिथे उतरली.

मुलींचा विषय राहू देता येणार नाही. मुलीने परकर खोचून मैदानात उतरणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. शेजारच्या वर्ध्यात 1936 सालीच लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली, आणि मध्यमवर्गी घरांतल्या मुलींच्या हाती लाठी आली. वऱ्हाडातल्या वातावरणात ते वारे होते. ‘पोरगी खेळाले गेली’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात न म्हणता कौतुकाने म्हटले जाईपर्यंत मात्र आणखी बरीच वर्षे जावी लागली. ती अजूनही सगळ्या गावांत गेलेली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर मंडळाच्या वाटचालीत मोठे वळण आले ते 1967 साली, शारीरिक शिक्षणाच्या पदवी महाविद्यालयाच्या रूपाने. मग योग आला, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. आखाड्याचे संकुल झाले. या वाढीमागे प्रभाकरराव वैद्य यांची दीर्घ कारकीर्द आहे. 2012 साली त्यांना क्रीडाक्षेत्रासाठी पद्मश्री मिळाली. पदवीमुळे व्यायामाच्या मास्तरला प्रतिष्ठा मिळाली, पगाराची श्रेणी मिळाली, स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांच्या शेजारची खुर्ची मिळाली. हे मोठेच काम झाले. त्याची एक किंमतही मोजावी लागली, ती इथे नोंदवतो. पूर्वीचा उन्हाळी वर्गवाला गावी परत जाई, कारण गावानेच त्याला पाठवलेले असे. पदवीधर नोकरीच्या जाहिरातीमागे जातो. पद निघाले नाही तर विद्या तशीच राहते. शाळा आणि आखाडा यांच्यामधला तो न लिहिलेला करार सरकारी मान्यतेच्या फाइलीत गेला, आणि फाइल हलेल तेव्हा हलते.

गावाच्या अंगाने पाहिले तर या मुलुखात दुसरा प्रवाह समांतर वाहत होता. यावलीचे तुकडोजी महाराज यांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेड्यांत पसरल्या. पहाटेचे सामुदायिक ध्यान, गाव झाडणे, संध्याकाळची प्रार्थना आणि जोडीला व्यायामशाळा, असा तो दिनक्रम. त्यांच्या आधी गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन या मुलुखाला कमरेत वाकायला लावलेच होते. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना लागून मैदाने आली. हनुमान आखाडा, गुरुदेव सेवा मंडळ आणि शिवाजी शिक्षण संस्था यांनी एकत्र बसून कधी आराखडा केला नसेल. पण खेड्यातल्या एखाद्या पोराला सकाळी प्रार्थनेला उठवणारा एक, दिवसा शाळेत घेणारा दुसरा आणि संध्याकाळी लेझीम शिकवणारा तिसऱ्या घरातून तयार होऊन आलेला, असे घडत होते.

अकोल्याचा रंग वेगळा. तिथल्या वसंत देसाई क्रीडांगणाने आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने बॉक्सिंगला जागा दिली. अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर घडलेली मुले विदर्भाच्या रणजी संघात गेली. 2018 साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाला मधूनच बोलावणे आलेला आदित्य ठाकरे हा अकोल्याचा. पण अकोल्याचे खरे सार्वजनिक व्यायामपर्व पाहायचे असेल तर श्रावणातला शेवटचा सोमवार गाठावा. आदल्या दिवशी तरुणांची मंडळे गांधीग्रामला पूर्णेवर जातात, कावडींना घागरी बांधतात, भरतात आणि रातोरात सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत राजराजेश्वराला आणतात. लहान कावड दोघांची, मोठ्या पालखीला भरण्यांच्या उतरंडी आणि खांदा द्यायला पन्नास-पन्नास जण. खांदा पालटताना पाणी हिंदकळू द्यायचे नाही, पाय एका लयीत पडले पाहिजेत, मागचा थकला तर पुढच्याला ते न बोलता कळले पाहिजे. रस्त्यावर चहा-फराळाचे मांडव नागरिक टाकतात, बंदोबस्त पोलीस पाहतात, रस्ता धुण्याचे काम महापालिका करते. कुणीही याला व्यायाम म्हणत नाही. पण सतरा किलोमीटर खांद्यावर ओझे वाहायचे तर आधी अंगात दम लागतो. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखीही अकोल्यावरून जाते. वऱ्हाडी माणसाला चालायला लावायचे तर वैद्यकीय सल्ल्यापेक्षा दिंडी जास्त कामाची, असे म्हटले तर डॉक्टरांनी रागावू नये.

अमरावतीच्या बाबतीत अलीकडची एक गोष्ट सांगायला हवी. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुर्विद्या शिकला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. मजूर आईबापांचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने हेरलेला. इथेही मास्तरच. शाळा, शासनाची प्रबोधिनी आणि धनुर्विद्येची परंपरा जपणारे गाव यांची सांगड बसली तेव्हा तो बाण सुटला.

आता वर्तमानाविषयी चार कडू शब्द. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल आणि मुलांना रोज सरासरी 60 मिनिटांची हालचाल सांगते. हा सल्ला सरसकट वाटण्याआधी कुणाला द्यायचा ते पाहावे. दिवाळीनंतर कापूस वेचायला दिवसभर ओणवे राहणाऱ्या बाईला ‘हालचाल वाढवा’ म्हणणे हा फाजीलपणा आहे. तिला विसावा हवा, आणि पाठ सरळ करणारी चार आसने कुणी शिकवली तर ती हवीत. हालचाल हवी आहे ती शिकवणीच्या बाकावर दहा तास बसणाऱ्या तिच्या मुलाला, दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या शेठजींना आणि या स्मरणिकेत लेख लिहिणाऱ्यांना. पालिकांनी बागांत लोखंडी यंत्रे बसवली आहेत, त्याला खुली व्यायामशाळा म्हणतात. सकाळी तिथे गर्दी असते हे चांगलेच. पण त्या यंत्राशेजारी शिकवणारा नाही. लोक ते पाळण्यासारखे झुलवतात आणि गुडघा धरून घरी जातात. शाळांच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो, परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. कित्येक शाळांत तो घेणारा मास्तरच नाही. मैदाने लग्नांना आणि प्रदर्शनांना भाड्याने जातात, आणि मांडवाचे खड्डे बुजवायला कुणी येत नाही.

अमरावतीत पहाटे मालटेकडीवर, छत्री तलावाच्या रस्त्यावर चालणाऱ्यांची रीघ असते. त्यांत म्हातारे अधिक, तरुण मुली वाढल्या आहेत, शाळकरी मुले जवळपास नाहीत. कारण ती शिकवणीला गेलेली असतात. हा प्रश्न एकट्या आखाड्याला सुटणारा नाही, आणि एकट्या पालिकेलाही नाही.

म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने दोन मागण्या करतो. अमरावती आणि अकोला महापालिकांनी आपल्या शाळांची मैदाने रोज पहाटे पाच ते सात आणि सायंकाळी दोन तास सर्वांना खुली करावीत. मंडळाने आपल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्या प्रत्येक मैदानावर सहा महिने मास्तर म्हणून पाठवावे, आणि हे काम त्यांच्या अभ्यासक्रमात गुणांसह धरावे. ज्या गणेश मंडळांना आणि कावड मंडळांना आपल्या वस्तीत असे मैदान हवे असेल त्यांनी पालिकेकडे लेखी अर्ज करावा. चुन्याच्या रेघा आखण्याचा आणि वीस लेझमींचा खर्च कुठल्याही मंडळाच्या वर्गणीत बसतो.